कहरुब्यातली मुंगी

अमरावतीच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्या अंगी एकच गुण होता. पाहिलेली वस्तू मला हुबेहूब काढता यायची. फळ्यावर बैल काढला तर तो कोणाच्या गोठ्यातला ते पोरं सांगायची. या गुणावर पोट भरेल असं मात्र घरात कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग अमेरिकेत लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि व्यापाऱ्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर आली. ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीखाली, गेली. ज्यानं जन्मात अमरावतीचा बाजार पाहिला नव्हता तोही बंडीत कापूस भरून येऊ लागला. लोकांच्या अंगावर नवे कपडे आले, बैलांच्या शिंगांवर पितळेच्या शेंब्या आल्या, आणि त्याबरोबर एक भीतीही आली. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, पण फोडलं की आत नखाएवढी गुलाबी अळी वळवळायची. एखाद्या वावरात ती दिसली की शेजारचा माणूस रोज सकाळी आपल्या पऱ्हाटीत वाकून बोंडं चाचपत फिरायचा.

त्या अळीचा छडा लावायला मुंबईच्या काही व्यापाऱ्यांनी एक साहेब पाठवले. पूर्वी ते पलटणीत डॉक्टर होते. आता साठीला आलेले, उंच, वाकलेले, बोलताना डोळे मिटणारे. त्यांचा सगळा जन्म किडे गोळा करण्यात गेला होता. मराठी ते कोकणातल्या कुठल्याशा मुन्शीकडे शिकले होते, त्यामुळे आमच्या वऱ्हाडी शेतकऱ्यांना त्यांचं बोलणं कळायचं नाही आणि त्यांना शेतकऱ्यांचं. त्यांचा उजवा हात कापू लागला होता म्हणून त्यांना चित्रं काढणारा माणूस हवा होता. शाळा तपासायला येणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक काळा भुंगा ठेवला. मी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तो काढला. साहेबांनी भिंगातून भुंग्याचे पाय पाहिले, मग माझं चित्र पाहिलं आणि म्हणाले की मागच्या डाव्या पायावर सात काटे आहेत, तुम्ही सहा काढले. मी पुन्हा मोजले. सात होते. मी कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. त्या संध्याकाळी त्यांनी मला उद्यापासून यायला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एक धास्ती बसली. कुठलंही काम पुरं झालं की वाटायचं, एक काटा राहिला.

गावात लोक मला ‘अळ्यावाले मास्तर’ म्हणू लागले. मी वावरात जायचो, बोंडं फोडायचो, अळ्या मडक्यात ठेवून त्यांचे कोश कधी होतात ते पाहायचो. मावा, ढेकण्या, मुंग्या, सगळं स्पिरिटच्या बरण्यांत जायचं. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस दिवसभर जीव मारतो हे लोकांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरणीचं झाकण लावताना माझाही हात जड व्हायचा.

दुपारी काम थांबलं की साहेब बोलायचे. विलायतेत तेव्हा एक नवा विचार निघाला होता की प्राणी आज आहेत तसे पहिल्यापासून नव्हते, लाखो वर्षांत ते हळूहळू बदलत आले. साहेबांना तो विचार मान्य नव्हता. देवानं मुंगी केली ती मुंगीच राहिली, असं त्यांचं म्हणणं. पण ते नुसते चिडत नसत, पुरावा शोधत असत. उत्तरेकडच्या एका समुद्राच्या काठी पिवळे खडे सापडतात, तो झाडांचा पुरातन डिंक असतो आणि त्यात कधी कधी किडे अडकलेले असतात, हे मला त्यांनीच सांगितलं. असा एक किडा हाताशी आला आणि तो आजच्या किड्यासारखा निघाला, तर आपण जन्मभर म्हणत आलो ते खरं ठरेल, असं ते म्हणायचे. त्या खड्याची पारख कशी करतात तेही त्यांनी मला शिकवलं होतं. घासला की गवताची काडी ओढतो, मिठाच्या पाण्यात तरंगतो, आणि स्पिरिट लागलं तरी चिकट होत नाही.

माझी बायको तेव्हा पहिलटकरीण होती. सातवा लागला तशी ती अकोल्याला माहेरी गेली. महिनाभरानं सासऱ्यांचं पत्र आलं. चार ओळींचं होतं. मुलीला कावीळ झाली आहे, डोळे हळदीसारखे झाले आहेत, अन्न पोटात ठरत नाही, निघून यावं.

रूळ अजून अकोल्यापर्यंत आले नव्हते. मी दमणी, हलकी बैलगाडी, भाड्यानं केली. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. एक बंडी मोडून आडवी झाली होती आणि तिच्या मागे नजर पोचेल तिथवर बंड्या उभ्या होत्या. गाडीवान बाभळीखाली बसून चिलीम ओढत होते, कोणाला घाई नव्हती. बाभळीच्या काट्यांना कापूस लटकून सगळं झाड पांढरं झालं होतं. मी उतरून रांगेच्या पुढे जायचो, परत यायचो, दमणीवाल्याला आडरानातून घाल म्हणायचो. तो म्हणायचा, काळ्या मातीत चाक रुतलं तर आणखी एक दिवस जाईल. गरोदर बाईला कावीळ झाली तर काय होतं ते मी साहेबांच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्या रस्त्यावर मला कितीदा तरी वाटलं.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो. ती मागच्या खोलीत गोधडीवर पडली होती. दारातून आलेल्या उजेडात तिचे डोळे, नखं, ओठांच्या कडासुद्धा पिवळ्या दिसत होत्या. मी जवळ बसून तिच्याकडे पाहत राहिलो. ती क्षीण आवाजात म्हणाली, “असं भिंगातून पाह्यल्यावानी पाहू नका मले.”

सासरे गावातले जोशी होते, पंचांगाचे पक्के, स्वभावानं सरळ. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि मनातलं बोलून टाकलं. “जावईबापू, राग नका मानू. तुमी दिवसभर जीव मारून राहिले. मुक्या जिवाचा तळतळाट कुठी तरी निंगतेच ना?”

तीच गोष्ट रस्ताभर माझ्याही मनात येत होती.

सासूबाईंनी कौंडण्यपूरच्या अंबिकेला नवस बोलला होता. वैद्याचा काढा चालू होता. आणि किल्ल्याजवळच्या एका म्हाताऱ्या हकिमाला सासऱ्यांनी स्वतः बोलावून आणलं होतं, कारण कावीळ उतरवण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. हकिमानं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक मणी बांधला होता. त्याला तो कहरुबा म्हणायचा; साहेबांनी सांगितलेल्या पिवळ्या खड्याचंच हे हकिमी नाव. सासऱ्यांनी आधी त्यावर पाणी शिंपडून मगच तो घरात घेतला होता. चाळीस दिवस हा मणी गळ्यातून काढायचा नाही असं हकिमानं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ताक पाजत होतो. खिडकीतून ऊन तिच्या गळ्यावर आलं आणि मणी मधासारखा उजळला. आत काहीतरी काळं होतं. मी खिशातलं भिंग काढून वाकून पाहिलं. मुंगी होती. एक पाय पुढे टाकलेला, मिशा वर उचललेल्या, जणू आताच कोणी हाक मारली म्हणून थबकली असावी. माझी बायको आजारानं खंगत पडली होती, आणि मी तिच्या गळ्यातल्या मण्यातल्या मुंगीच्या मिशांची पेरं मोजत होतो. बारा भरली. आमच्या पऱ्हाटीवर माव्याच्या मागे फिरणाऱ्या मुंगीलाही बाराच असतात. मला माझी लाज वाटली, पण मोजणं थांबलं नाही.

आठ दिवसांनी उलट्या थोड्या कमी झाल्या तेव्हा मी अमरावतीला परतलो. साहेबांना काही सांगायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. पण पहिल्याच दुपारी हात मोकळा होता आणि मी कागदाच्या कोपऱ्यात ती मुंगी काढली. साहेबांनी मागून पाहिलं. ही कुठे पाहिलीत म्हणून विचारलं. खोटं बोलायला लागणारी तयारी माझ्यापाशी नव्हती. मी सगळं सांगितलं.

साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले की ते अकोल्याला येतील, डाक बंगल्यात उतरतील, मणी फक्त एक दिवस पाहतील. माझ्या बायकोच्या प्रकृतीची त्यांनी बारकाईनं चौकशी केली, विश्रांती आणि पातळ अन्न याखेरीज उपाय नाही असं सांगितलं. मणी एक दिवस काढल्यानं तिचं काही बिघडणार नाही हेही सांगितलं. ते डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं मला पटलं, तरी आधी तिला विचारायचं असं मी ठरवलं.

अकोल्याला पोचल्यावर बायकोला मी विचारलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. एवढ्या दिवसांत प्रथमच बसली होती. तिनं दोरा मुठीत धरला.

“एक दिवस?”

“एक दिवस. संध्याकाळी मी स्वतः परत बांधीन.”

“त्याच्यावर काई खरडू-बिरडू नका. औषध लावू नका. हा हाये म्हणून माई भीती कमी झाली.” मग ती म्हणाली, “तुमचं काम हाये, मले समजते. घ्या.”

तिनं दोरा स्वतः सोडला. गाठ घट्ट बसली होती, तिच्या बोटांत जोर नव्हता, पण तिनं मला हात लावू दिला नाही.

डाक बंगल्यात साहेबांनी टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं. मी त्यांना बायकोचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले की त्या बाईंचा शब्द ते पाळतील. मणी रेशमावर घासला, त्यानं काडी ओढली. मिठाच्या पाण्यात टाकला, तरंगला. फक्त आतलं स्पष्ट दिसावं म्हणून एका बाजूला ओल्या खडूचं बोट हलकेच फिरवलं, तेवढंच. स्पिरिटची बरणी शेजारी होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मला बोलावलं. आम्ही आळीपाळीनं पाहत होतो, मी काढत होतो. पोटाचे पट्टे, कमरेची गाठ, मिशांची पेरं, सगळं आमच्या वावरातल्या मुंगीशी जुळत गेलं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतलं.

दुपारी त्यांनी विलायतेतल्या विद्वानांच्या एका सभेला पत्र लिहिलं. लाखो वर्षांपूर्वीची मुंगी आणि आजची मुंगी यांत काडीचा फरक नाही, असा त्याचा मथितार्थ त्यांनी मला मराठीत सांगितला. सोबत माझं चित्र जोडलं. शिपाई लिफाफा घेऊन टपालात गेला. साहेब आरामखुर्चीत पडले आणि लगेच त्यांना झोप लागली.

मणी मी पुसायला घेतला. त्याला खडू लागला होता, आमच्या बोटांचं तेल लागलं होतं. टेबलावर एक फडकं होतं. बरण्या पुसायचं फडकं होतं ते, स्पिरिटनं भिजलेलं. माझ्या ध्यानात आलं नाही. मी सवयीनं मणी त्यात धरला आणि अंगठ्यानं चोळला.

अंगठा चिकटला.

मी फडकं टाकलं. मण्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघन्‌रेघ दिसावी असा. मी तो उन्हात धरून वाळू दिला. वाळला, पण ठसा गेला नाही. खरा पुरातन खडा स्पिरिटनं चिकट होत नाही, हे मला याच माणसानं शिकवलं होतं. चिकट होतो तो चंद्रुस, ज्याचं सुतार लाकडावर रोगण चढवतात. तोही झाडाचाच डिंक, पण अगदी अलीकडचा. ती मुंगी माझ्या पणजोबांच्या काळातलीही असू शकली असती.

साहेब खुर्चीत झोपले होते. त्यांना उठवायला हवं होतं. माणूस धावत पाठवला असता तर पत्र टपालातूनच परत मिळालं असतं. मी दोन पावलं त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. आणि दुसरीकडे मी बायकोला दिलेला शब्द मोडला होता. तिच्या मण्याला औषध लागलं होतं आणि ते मीच लावलं होतं. सगळ्यांत आधी मणी परत बांधायचा, मग साहेबांना सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं आणि बाहेर पडलो.

घरी आलो तर तिला ताप भरला होता. दुपारपासून चढला, असं सासूबाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी माझ्या हातातल्या मण्याकडे पाहिलं. मी तो तिच्या गळ्यात बांधला. तिनं चाचपून पाहिला, उजेडाकडे धरला.

“हे काय उमटलं?”

“माझा अंगठा लागला.”

तिनं मणी खाली सोडला. डोळे मिटून घेतले.

त्यानंतरचे दिवस मला आजही एकेक करून आठवतात. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरावतीला निघून गेले होते, मला इथेच थांबा असा निरोप ठेवून. ताप उतरे आणि चढे. मी तिच्या उशाशी बसून तिचे डोळे पाहायचो, कालच्यापेक्षा पिवळे की कमी, आणि रोज मला वाटायचं की मी पाहतो ते खरं नसेल. मनात पत्राचा प्रवास चालू असायचा. आज ते खानदेशात असेल. आज मुंबईत पोचलं असेल. आज बोटीवर चढलं असेल. रोज सकाळी साहेबांना लिहायला बसायचो, आणि रोज घरातून कोणीतरी हाक मारायचं. एके दिवशी कोणीच हाक मारली नाही तरी मी लिहिलं नाही, तेव्हा मला कळलं की मी भितो आहे.

शेवटी मी हकिमाकडे गेलो. किल्ल्याच्या भिंतीला लागून त्याचं दोन खणांचं दुकान होतं. तो खलबत्त्यात काहीतरी कुटत होता. मी त्याला सरळ सांगितलं की हा मणी कहरुबा नाही, चंद्रुस आहे, स्पिरिटनं चिकट झाला.

त्यानं कुटणं थांबवलं नाही. म्हणाला, “मालूम हाये मले. असली कहरुबा माह्या उस्तादचा होता, तो गेला त्याच्या लेकाकडं हैदराबादेले. हा म्या मुंबईत घेतला, झांजिबारच्या मालातला.”

मग लोकांच्या गळ्यात काहून बांधता, मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्यानं बत्ता खाली ठेवला. “मास्तर, काविळीत बाईनं पडून राह्यलं पाह्यजे, तेल-तूप खाल्लं नाही पाह्यजे, उसाचा रस अन् ताक घेतलं पाह्यजे. हे मी नुसतं सांगितलं तं कोण्या घरात बाईले चाळीस दिवस पडू देतात? मणी बांधला की देतात. मणी गळ्यात हाये तोवर तिले कोणी चुलीपाशी पाठवत नाही. माह्या हातात एवढंच हाये.” मग त्यानं विचारलं, “किती दिवस झाले?”

“एकोणतीस.”

“मंग अकरा दिवस घरात बोलू नका. पुढं तुमची मर्जी.”

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. त्याच्यावर रागवावं असं मला काही सापडेना. तो घरातल्यांशी खोटं बोलत होता आणि माझ्या बायकोला त्याचा उपयोग होत होता. मी साहेबांपासून खरं लपवत होतो आणि त्याचा उपयोग कोणालाच नव्हता. घरी गेलो तेव्हा सासूबाई तिच्यासाठी ताक घुसळत होत्या आणि ती उशाला टेकून पडली होती, कोणी तिला उठवत नव्हतं. मी ओसरीवर बसून पहिल्यांदा पत्र पुरं लिहिलं, मग फाडलं. हे तोंडानंच सांगायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी अमरावतीला गेलो. साहेब बरण्यांना चिठ्ठ्या लावत होते. मी उभ्यानंच सांगितलं, फडक्यापासून अंगठ्यापर्यंत. हकिमानं मुंबईचं नाव घेतलं तेही सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहत त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तुम्हाला हे कधी कळलं?”

“त्याच दुपारी. तुम्ही झोपला होता.”

“म्हणजे शिपाई तेव्हा टपालापर्यंतही पोचला नसेल.”

“नाही.”

चूक झाली याचं साहेबांना इतकं वाईट वाटलं नसावं. किडे पाहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात चुका होतातच, हे तेच मला सांगायचे. मी त्यांना झोपू दिलं, हे त्यांना लागलं. त्यांनी टेबलाशी बसून दुसरं पत्र लिहिलं. मी जाऊ का म्हणून विचारलं तर हातानं थांबवलं. पत्र पुरं झाल्यावर त्यांनी ते मला मराठीत सांगितलं. मणी अलीकडच्या डिंकाचा आहे, परीक्षा अपुरी ठेवली हा दोष पूर्णपणे त्यांचा आहे, आणि चूक त्यांच्या चित्रकारानं पकडली. माझं नाव त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं. उशीर केल्याचा त्यात शब्दही नव्हता. शिव्या खाण्यापेक्षा ते मला जड गेलं.

चाळीस दिवस पुरे व्हायच्या आधीच ती बाळंत झाली. मुलगी झाली, सव्वा वितीची, रडतानाही नुसती कुरकुरणारी. मी पुन्हा अकोल्याला गेलो तेव्हा सुईण तिला सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून सुपात ठेवत होती. दहा-बारा दिवस ती मुलगी जगते की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. मग एके दिवशी ती अंगावर नीट पिऊ लागली आणि सासरे पंचांग घेऊन बसले, तेव्हा मला कळलं की ती आता राहणार.

मणी हकिमाला परत दिला त्याच संध्याकाळी मी बायकोला खरं सांगितलं. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा तोवर गेला होता. तिनं मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“बाबाले नका सांगू,” एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “अन् पुढच्या वेळी मले तरी त्याच दिवशी सांगत जा.”

साहेबांचं पहिलं पत्र छापलं गेलं. दुसरं पोचलं असं कळवणारा चार ओळींचा कागद आला, पण ते छापलं की नाही हे आम्हाला कधी समजलं नाही. तेवढ्यात अमेरिकेची लढाई संपली. कापसाचा भाव असा कोसळला की बाजारात बंड्या उभ्या राहिल्या आणि घेणारा दिसेना. मुंबईच्या व्यापाऱ्यांना अळीत रस उरला नाही. साहेबांनी सामान बांधलं. माझी सगळी चित्रं त्यांनी नेली, ती त्यांच्या कामाची होती. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांनी मला क्षमा केली होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि पुढे त्यांचं पत्र कधी आलं नाही.

मी अकोल्याच्या शाळेत लागलो. अळ्यांचं वेड मात्र सुटलं नाही. सकाळी शाळेआधी मी वावरात जायचो, संध्याकाळी मडक्यांत पाहायचो. पोटासाठी ते करायची आता गरज नव्हती आणि कोणी सांगितलंही नव्हतं. तीन हंगाम गेले तेव्हा मला कळलं की उन्हाळ्यात ती गुलाबी अळी कुठे जाते. सरकीचे दोन दाणे ती एकमेकांना चिकटवते आणि आत झोपून राहते. शेतकरी तीच सरकी जपून ठेवतो आणि मृगात पेरतो, म्हणजे अळीला स्वतःच्या हातानं वावरात पोचवतो. पेरायची सरकी चैताच्या उन्हात चार दिवस पसरा, जोडदाणे वेचून जाळा, असं मी गावोगाव सांगत फिरलो. काहींनी ऐकलं, बरेच हसले. एका पाटलानं माझ्यासमोर जोडदाणा फोडून अळी पाहिली आणि आपल्या सगळ्या भाऊबंदांना ओसरीवर बोलावून ती दाखवली. त्या वर्षी त्यांच्या गावात बोंडं कमी सडली. माझ्या सांगण्यानं की पाऊस वेळेवर आला म्हणून, ते मला ठाम सांगता येत नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

उतारवयात मुंबईच्या संग्रहालयात मी खरा कहरुबा पाहिला. काचेखाली होता, हात लावू देत नव्हते. आत एक माशी होती. मी पहारेकऱ्याची परवानगी काढून तासभर तिच्यासमोर उभा राहिलो आणि पंखांच्या शिरा वहीत उतरवल्या. आमच्याकडच्या माशीच्या पंखात त्या जागी एक शीर वेगळी वळते. फरक केसाएवढा होता. साहेब असते तर त्यांना हे ऐकायला आवडलं नसतं, पण त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं असतं. मी पुन्हा मोजलं, आणि तिसऱ्यांदाही. मग पहारेकरी म्हणाला, बंद करायची वेळ झाली, आणि मी वही मिटून स्टेशनाकडे निघालो.